ग्रंथतालिकांची खुली देवघेव : खानदेशातील अभ्यासकांसाठी प्रस्तावना

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांनी गावोगाव फिरून जमवलेली दफ्तरे आणि पोथ्या सांभाळायच्या, त्यांचे काम पुढे न्यायचे, म्हणून १९२७ साली धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून मिळवलेली रामदासी बाडे समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर सुरू झाले. जळगावचे व. वा. जिल्हा वाचनालय, अमळनेरचे पूज्य साने गुरुजी ग्रंथालय, १९९० साली स्थापन झालेले आणि आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाणारे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, शिवाय तालुक्यातालुक्यांतली सार्वजनिक वाचनालये आणि महाविद्यालयांची ग्रंथालये. ग्रंथांच्या बाबतीत खानदेश गरीब नाही.

या सगळ्या ठिकाणी एक काम अखंड चालू असते, पण वाचकाचे लक्ष त्याकडे क्वचितच जाते. पुस्तक येते, दाखल नोंदवहीत चढते, त्याला वर्गांक मिळतो, लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल लिहिले जाते आणि मग ते कपाटात जाते. ही नोंद करणारा ग्रंथपाल मुखपृष्ठावर थांबत नाही. तो आतले शीर्षकपान बघतो, त्यामागचा मजकूर वाचतो, लेखकाच्या मनोगताखालची तारीख बघतो, टोपणनावामागचा माणूस कोण हे माहीत असेल तर पेन्सिलीने लिहून ठेवतो. या नोंदीत कष्ट असतात आणि ज्ञानही असते. ती ग्रंथालयाबाहेर कशी जावी, दुसऱ्या तालिकांशी कशी जोडली जावी आणि इतरांनी ती कोणत्या अटींवर वापरावी, याचा विचार करणारे अभ्यासक्षेत्र म्हणजे ग्रंथालयांचा खुला डेटा. ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी, ग्रंथपाल, वाचनालयांचे कार्यकर्ते आणि संदर्भांसाठी वणवण करणारे संशोधक अशा सर्वांचे या क्षेत्रात मनापासून स्वागत.

माझे म्हणणे आरंभीच सांगतो. खानदेशातील ग्रंथालयांनी या क्षेत्रात देणारे म्हणून उतरावे. मोठ्या संस्थांनी तयार केलेल्या नोंदी उतरवून घेणे सोयीचे आहे आणि ते करायलाच हवे. पण खानदेशची पुस्तके, लेखक, गावे आणि बोली यांविषयी जी माहिती इथल्या ग्रंथपालांपाशी आहे, ती इतकी जवळून जगातल्या कोणत्याही मोठ्या तालिकेला ठाऊक असण्याचे कारण नाही. ती इथूनच जायला हवी. पुढची पाने या एका मुद्द्याच्या पुष्ट्यर्थ आहेत.

कागदावरची परंपरा

तालिका एकमेकींना जोडण्याची कल्पना संगणकाबरोबर आली असे समजण्याचे कारण नाही. मराठीत तिचे सर्वांत भव्य रूप म्हणजे शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांचा, दुसरा १९३८ ते १९५० या काळातील. कोणत्याही एका ग्रंथालयात सगळी मराठी पुस्तके नव्हती. म्हणून अनेक संग्रह धुंडाळून, विषयवार लावून, दात्यांनी संपूर्ण भाषेची एकच तालिका कागदावर उभी केली. आजही एखादे जुने पुस्तक खरोखर निघाले होते की नाही, हे पडताळायला अभ्यासक दाते सूची उघडतात.

राजवाड्यांनीही वेगळ्या प्रकारे हेच केले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे मालेचे बावीस खंड झाले. कागद जमवून कुलुपात ठेवण्याऐवजी ते छापून सर्वांपुढे मांडले, म्हणजे दुसरा अभ्यासक ते तपासू शकतो आणि गरज पडल्यास खोडूनही काढू शकतो. खुल्या डेटाची नैतिक भूमिका हीच आहे. साधन सर्वांना दिसले पाहिजे, तरच निष्कर्ष तपासता येतो.

जगाच्या पाठीवर हाच प्रवास वेगळ्या साधनांनी झाला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ पासून छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकायला सुरुवात केली, म्हणजे एकाच पुस्तकाची नोंद प्रत्येकाने नव्याने करायला नको. १९६०च्या दशकात त्याच संस्थेत हेन्रिएट ॲव्ह्रम यांनी संगणकाला वाचता येईल असा नोंदीचा साचा घडवला. तो मार्क. आजही कोहा, सोल, ई-ग्रंथालय यांसारख्या आपल्याकडच्या प्रणालींतून नोंदी बाहेर द्यायच्या किंवा आत घ्यायच्या म्हटल्या की मार्कचे नाव निघतेच. १९९५ साली ओहायोतील डब्लिन गावी भरलेल्या बैठकीतून डब्लिन कोअर हा सुटसुटीत साचा निघाला. त्याची पंधरा मूलभूत अंगे कोणालाही एका दुपारी समजावून देता येतात. २००१ साली ओएआय-पीएमएच ही पद्धत आली. तिच्यामुळे एका ठिकाणच्या नोंदी दुसऱ्या ठिकाणचा संगणक ठरावीक काळाने आपोआप गोळा करू लागला.

नोंदी तांत्रिकदृष्ट्या बाहेर पडू लागल्या, तरी त्या वापरण्याची मोकळीक होती का, हा प्रश्न उरलाच होता. २०१० साली ब्रिटिश लायब्ररीने आपल्या राष्ट्रीय ग्रंथसूचीच्या नोंदी सीसी-शून्य परवान्याखाली खुल्या केल्या. २०१२ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयांनी सव्वा कोटीच्या आसपास नोंदी त्याच रीतीने दिल्या. सीसी-शून्य याचा अर्थ सरळ आहे: या नोंदी घ्या, वापरा, सुधारा, आमची परवानगी विचारू नका. त्याच २०१२च्या ऑक्टोबरमध्ये विकिडेटा सुरू झाले. तिथे प्रत्येक माणसाला, गावाला, ग्रंथाला एक कायमचा क्रमांक मिळतो, त्या क्रमांकाखाली सर्व भाषांतली नावे राहतात आणि सगळा मजकूर याच मोकळ्या परवान्याने मिळतो.

भारतातही पाया घातला गेला आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने विद्यापीठ ग्रंथालयांची संयुक्त तालिका उभी केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर येऊ लागले. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण झाले. २००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हस्तलिखितांच्या वर्णनाचा साचा दिला. यंत्रणा आहेत, त्यांत खानदेशचे घालायचे आहे.

एक नोंद जवळून पाहू

तात्त्विक चर्चा बाजूला ठेवून एक पुस्तक हातात घेऊ. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचन दिले: अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. पुढे त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली आणि मराठीतही आवृत्तीमागून आवृत्ती निघाली.

साध्या तालिकेत या पुस्तकाची नोंद एका ओळीत संपते: शीर्षक, लेखक, प्रकाशक, साल. तीच नोंद जोडलेल्या तालिकेत मांडायची तर चार पायऱ्या वेगळ्या कराव्या लागतात. पहिली, मूळ कृती: विनोबांची गीतेवरची प्रवचने. दुसरी, तिचे एकेक भाषिक रूप: मूळ मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी. तिसरी, एकेक छापील आवृत्ती. चौथी, कपाटातली ती विशिष्ट प्रत, जिच्यावर दाखल क्रमांक आहे आणि कदाचित कोणा देणगीदाराची सहीही. जळगावच्या वाचनालयातली मराठी प्रत, अहमदाबादेतली गुजराती प्रत आणि लंडनमधली इंग्रजी प्रत या तिन्ही एकाच कृतीच्या आहेत, हे वाचकाला तेव्हाच दिसते जेव्हा तिन्ही नोंदी मूळ कृतीच्या एकाच क्रमांकाला बांधलेल्या असतात.

यात खानदेशची एक भर आहे. साने गुरुजींची भूमिका इथे लेखकाची नाही, संपादकाची म्हणणेही पुरेसे नाही. ते लेखनिक होते. आणि कृतीचे उगमस्थान धुळे आहे. दूरच्या तालिकेत प्रकाशनस्थळ म्हणून पवनार दिसेल, वर्धा दिसेल, आणि ते त्या त्या आवृत्तीपुरते बरोबरही असेल. पण कृती कुठे जन्मली आणि कोणाच्या हातून कागदावर आली, ही दोन विधाने स्वतंत्रपणे नोंदवावी लागतात. ती नोंदवली, की 'धुळ्यात निर्माण झालेले ग्रंथ' असा शोध घेणाऱ्याला हा ग्रंथ मिळतो. एरवी मिळत नाही.

आता लेखकाच्या नावाकडे वळू. बऱ्याच जुन्या तालिकांत 'भावे, वि.' किंवा 'भावे, विनायक' एवढेच असते. विनोबांचे पूर्ण नाव विनायक नरहरी भावे, जन्म १८९५, मृत्यू १९८२. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे आणि १८९३ साली ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करणारे ते विनायक लक्ष्मण भावे, जन्म १८७१, मृत्यू १९२६. संगणकाला हे दोघे आपोआप वेगळे करता येत नाहीत. वडिलांचे नाव आणि सनावळी हाच आधार.

बहिणाबाईंचे तर याहून महत्त्वाचे. जळगावजवळच्या असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आणि तुकोबांच्या शिष्या, सतराव्या शतकातील संत बहिणाबाई या दोघी 'बहिणाबाई' या एकाच शीर्षाखाली आल्या, तर संतवाङ्मय शोधणाऱ्याला शेतीमातीची गाणी मिळतात आणि गाणी शोधणाऱ्याला अभंग. धरणगावचे बालकवी कुठे 'बालकवी' म्हणून, कुठे 'ठोमरे, त्र्यंबक बापूजी' म्हणून नोंदलेले असतात आणि एकाच माणसाची पुस्तके दोन ठिकाणी विभागली जातात. नावांची अशी अधिकृत यादी करणे, म्हणजे ऑथॉरिटी फाइल तयार करणे, हे या क्षेत्रातले सर्वांत मूलभूत काम. जगभरच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या अशा याद्या व्हायआयएएफ या सामायिक यादीत एकत्र आणल्या गेल्या आहेत. पण अहिराणीत एखादाच संग्रह काढलेल्या शिरपूरच्या शिक्षक कवीचे खरे नाव, टोपणनाव आणि जन्मसाल त्या यादीत कोण घालणार? ते त्याच्या गावच्या वाचनालयालाच माहीत असते.

अक्षरे, साले आणि गावे

बाहेरून आलेल्या साच्यांत मराठी नोंद बसवताना काही अडचणी फक्त आपल्या वाट्याला येतात. त्या बारीक आहेत, पण नोंद सापडते की हरवते हे त्यांच्यावर ठरते.

पहिली अडचण अक्षरांची. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक ठिकाणी नोंदी वेगवेगळ्या फाँटांत केल्या गेल्या. त्या पडद्यावर मराठी दिसतात, पण फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता हाती येतो. अशा नोंदी योग्य परिवर्तकातून काढून, एकेक तपासून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. युनिकोडमध्येही प्रश्न संपत नाहीत. 'वाऱ्यावरची वरात' या शीर्षकातला ऱ्य दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी टंकता येतो. 'ॲ' आणि 'ऍ' यांचे संकेतही वेगळे आहेत. डोळ्यांना एक दिसणारे दोन शब्द संगणकाला दोन वाटतात आणि पुस्तक कपाटात असूनही शोधात येत नाही. यावर उपाय एकच: संस्थेने एक संकेतक्रम ठरवावा, जुन्या नोंदी त्याप्रमाणे एकसारख्या कराव्यात आणि हा निर्णय लिहून ठेवावा.

दुसरी अडचण लेखनाची. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांवर 'प्रवचनें', 'धुळें' असे अनुस्वारयुक्त शब्द छापलेले असतात. नोंदीत शीर्षक जसे छापले आहे तसेच उतरवायचे, कारण आवृत्ती ओळखण्याची ती खूण आहे. आजच्या लेखनातले रूप पर्यायी शीर्षक म्हणून सोबत द्यायचे, कारण आजचा वाचक तेच टंकणार. यांतले एक रूप गाळले, तर इतिहासाचा किंवा वाचकाचा तोटा होतो.

तिसरी अडचण सालांची. जुन्या शीर्षकपानांवर शके असते. राजवाड्यांनी संपादित केलेला 'राधामाधवविलासचंपू' शके १८४४चा, म्हणजे १९२२चा. शकात ७८ मिळवले की बहुतेक वेळा इसवी सन येतो, पण जानेवारीपासून चैत्र पाडव्यापर्यंतच्या काळात ७९ मिळवावे लागतात. शीर्षकपानावर महिना नसेल, तर नोंदीत शकाचा आकडा जसाच्या तसा ठेवून इसवी सनाची दोन्ही साले द्यावीत. असे केले, तर दुसऱ्या तालिकेशी ताळा करताना एकच पुस्तक दोन वेगळ्या सालांमुळे दोन पुस्तके ठरत नाही. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन क्रमांक नसतो; त्यांचा मेळ शीर्षक, लेखक, प्रकाशक, साल आणि पृष्ठसंख्या यांवरूनच घालावा लागतो. म्हणून यातले प्रत्येक अंग नेमके असायला हवे.

चौथी अडचण गावांची आणि जिल्ह्यांची. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले; पूर्वेचे मुख्य ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. १९६० नंतर त्यांना जळगाव आणि धुळे हीच नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे जुन्या कागदपत्रांतले 'पश्चिम खानदेश' म्हणजे आजचे दोन जिल्हे, आणि इंग्रजी पुस्तकांवरचे 'धुलिया' म्हणजे आपले धुळेच. शहाद्याविषयीचे १९५० सालचे पुस्तक आज नंदुरबार जिल्ह्याच्या शोधात यायला हवे, पण नोंदीतले जुने नावही पुसले जाता कामा नये. गावाला एक कायमचा क्रमांक आणि त्याखाली कालखंडांसह सगळी नावे, असे केले की दोन्ही साधते.

दोन अर्ध्या नोंदी

१९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयामार्फत भारतीय भाषांतील पुस्तके अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांत जाऊ लागली. त्यांत मराठी पुस्तकेही आहेत. यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे, ज्यांची 'कोसला' १९६३ साली आली, त्यांच्या नोंदी तिथल्या तालिकांत आहेतच. पण नाव रोमन लिपीत आहे: दीर्घ स्वरांवर आडवी रेघ, ड खाली टिंब, 'च'साठी एकच अक्षर. ज्याला ही पद्धत माहीत आहे त्याला ती काटेकोर वाटते. ज्याला माहीत नाही असा जळगावचा विद्यार्थी देवनागरीत 'नेमाडे' टंकतो आणि अनेकदा रिकाम्या हाताने परततो.

उलट बाजूने पाहू. आपल्या वाचनालयाच्या तालिकेत देवनागरी नाव आहे, पण रोमन रूप नाही, जन्मसाल नाही, कायमचा क्रमांक नाही. म्हणून शिकागोतला अभ्यासक इथपर्यंत पोहोचत नाही. दोन्हीकडे अर्धी अर्धी नोंद आहे. दोघांनी नेमाड्यांचा एकच विकिडेटा क्रमांक आपापल्या नोंदीत लिहिला, की दोन अर्ध्यांची एक पूर्ण नोंद होते. त्यासाठी कोणीही आपली प्रणाली बदलायची नाही, कोणी पुस्तक हलवायचे नाही, कोणी दुसऱ्याचा अधिकार मान्य करायचा नाही. खुल्या जोडणीचे बळ नेमके इथे आहे.

बोलींच्या बाबतीत तर देण्यासारखे अधिक आहे. २०११च्या जनगणनेत अहिराणीसह 'खानदेशी' या भाषेखाली गणलेले १८ लाखांहून अधिक लोक आहेत. तरीही मार्कच्या भाषासंकेतांच्या यादीत अहिराणीला स्वतंत्र संकेत नाही. अहिराणी पुस्तक एकतर 'मराठी' म्हणून नोंदले जाते, नाहीतर 'इतर भारतीय भाषा' या गाठोड्यात जाते. आयएसओ ६३९-३ या विस्तृत यादीत मात्र अहिराणी आणि खानदेशी यांना संकेत आहेत, आणि कोणत्या यादीतून संकेत घेतला हे सांगून ते मार्कच्या नोंदीत वापरण्याची सोयही आहे. खानदेशातल्या प्रत्येक ग्रंथालयाने आपल्याकडच्या अहिराणी पुस्तकांवर हा एक संकेत चढवला, तर जगात पहिल्यांदा अहिराणी साहित्याची यादी एका शोधात मिळू शकेल. लेवा गणबोली, भिल्ली, पावरी यांच्याविषयीही हाच विचार करता येईल. जी भाषा तालिकेत दिसत नाही, तिच्यात लिहिलेले अभ्यासकाच्या नजरेस पडत नाही आणि अभ्यासक्रमात येत नाही.

हस्तलिखितांचे उदाहरण घेऊ. दासबोधाच्या जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्याला धुळ्याचे वाग्देवता मंदिर पाहावे लागते, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ पाहावे लागते, आणि तंजावरलाही जावे लागते, कारण तिथे रामदासी मठ होते आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा मोठा साठा आहे. कोणत्या पोथीची लिपी बाळबोध, कोणती मोडी, लेखनकाल कोणता, लेखनिक कोण, पृष्ठे किती, पहिली आणि शेवटची ओवी कोणती, एवढे वर्णन जरी सगळीकडून एका साच्यात मिळाले, तरी कुठे जायचे आणि कशासाठी जायचे हे त्याला आधी कळेल. पोथी जिथे आहे तिथेच राहील.

मर्यादा आणि जबाबदारी

नोंद खुली करणे आणि पुस्तक खुले करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक कार्यकारी मंडळाला स्पष्ट सांगावे लागते. नोंदीत लेखक, शीर्षक, साल ही तथ्ये असतात. ती कोणाच्या मालकीची नाहीत. पुस्तकातला मजकूर मात्र १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याखाली येतो. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांनी लिहिलेले आणि हयातीत प्रकाशित झालेले साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे झाले. मरणोत्तर प्रकाशित झालेल्या कृतींची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ साली प्रसिद्ध झाली, म्हणून त्या गाण्यांची मुदत २०१२च्या अखेरीस संपली. विनोबांच्या साहित्यावर मात्र २०४२च्या अखेरपर्यंत हक्क आहे आणि प्रत्येक भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजावा लागतो. म्हणजे नोंदीतले मृत्यूचे साल हे कोणते पुस्तक केव्हा संकेतस्थळावर ठेवता येईल, हे ठरवणारे साल असते. ते नेमके लिहिणारा ग्रंथपाल पुढच्या पिढीसाठी पुस्तक मोकळे करत असतो.

दुसरी मर्यादा वाचकाची. कोणी कोणते पुस्तक नेले, केव्हा परत केले, ही देवघेवीची माहिती कधीही खुल्या डेटात जाता कामा नये. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला तो अलीकडे. वाचकाचा विश्वास त्याहून जुना आहे. पुस्तकांच्या नोंदी आणि सभासदांच्या नोंदी एकाच प्रणालीत असतात, म्हणून फाइल बाहेर देताना हे दोन भाग वेगळे झाले आहेत ना, हे दोन माणसांनी स्वतंत्रपणे तपासावे.

तिसरी मर्यादा समाजाची. आदिवासी समाजांची मौखिक गाणी, पूजाविधी, वंशावळी यांच्या ध्वनिफिती आणि वह्या संस्थांकडे असतात. त्यांचे अस्तित्व नोंदवण्यापूर्वी आणि विशेषतः त्यांचा मजकूर बाहेर देण्यापूर्वी त्या समाजातील जाणत्यांना विचारायला हवे. काही गोष्टी सर्वांसाठी नसतात, आणि तसे नोंदवून ठेवणे हेही चांगल्या तालिकीकरणाचेच अंग आहे.

आरंभ कुठून करावा

महाराष्ट्राच्या १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अ, ब, क, ड अशा वर्गांतली शासनमान्य ग्रंथालये गावोगाव आहेत. ती लोकांच्या पैशावर चालतात, म्हणून त्यांच्या नोंदी लोकांच्या आहेत. ड वर्गातल्या वाचनालयात ग्रंथपाल एकटाच असतो, मानधन तुटपुंजे असते, संगणक असला तर एक. त्याच्याकडून संपूर्ण तालिका मार्कमध्ये मागणे अन्यायाचे होईल. पण त्याच्या हातून होण्यासारखे आणि त्याच्यावाचून कोणाच्याच हातून न होण्यासारखे काम आहे.

पहिले काम: आपल्या तालुक्यात छापलेली आणि आपल्या तालुक्यातील लेखकांनी लिहिलेली पुस्तके बाजूला काढावीत आणि त्यांची एक साधी तक्ता-फाइल करावी. छापलेले शीर्षक, आजच्या लेखनातले शीर्षक, लेखकाचे पूर्ण नाव, टोपणनाव, जन्ममृत्यूची साले, प्रकाशक, गाव, छापलेले साल, इसवी सन, पृष्ठसंख्या, भाषा किंवा बोली, आणि प्रत कुठे आहे. एवढे रकाने पुरेत. दुसरे काम: ही फाइल जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे द्यावी; तिथे ओपनरिफाइन या विनामूल्य साधनाने लेखकांची आणि गावांची नावे विकिडेटाच्या क्रमांकांशी जुळवता येतात आणि जी तिथे नाहीत ती घालता येतात. तिसरे काम: जुळवलेल्या नोंदी कोहासारख्या मुक्तस्रोत प्रणालीत चढवाव्यात, कारण तिच्यात ओएआय-पीएमएचची सोय अंगभूत आहे आणि तिथून कोणतीही मोठी तालिका त्या उचलू शकते. चौथे काम: फाइलवर परवाना लिहावा. परवाना न लिहिलेली नोंद पडद्यावर सर्वांना दिसली तरी घ्यायची कोणाची हिंमत होत नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथे प्रबंधांचे विषय हवे तेवढे आहेत. पूर्व खानदेशातील छापखान्यांची सूची. अहिराणी मुद्रित साहित्याची तालिका. रामदासी बाडांच्या लेखनिकांची नावयादी. साने गुरुजींच्या अमळनेरमधील वर्षांत त्यांच्या भोवतीच्या नियतकालिकांची वर्णनसूची. शके आणि इसवी सन यांच्या ताळ्यातून निघणाऱ्या दुहेरी नोंदींचा अभ्यास. यातला प्रत्येक विषय स्थानिक आहे आणि प्रत्येकाचे उत्तर जगातल्या कोणत्याही तालिकेला उपयोगी पडणारे आहे.

रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, असे म्हटले आहे. तो वाचक आज चोपड्यात असेल, सुरतेला नोकरीसाठी गेलेला असेल, किंवा पेनसिल्व्हेनियात मराठीवर प्रबंध लिहीत असेल. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी लागणारी साधने विनामूल्य आहेत, साचे ठरलेले आहेत, परवाने तयार आहेत. उरते ते पुस्तक उघडून नोंद नीट करण्याचे आणि ती बिनशर्त देऊन टाकण्याचे काम. आपल्या वाचनालयातल्या स्थानिक लेखकांच्या कपाटापासून, या आठवड्यापासून, ते सुरू करावे.